धरसोड

कायानीत उणे एकवीस.
तूलिक्कीच्या गॅरेजात टेबलावर दोन क्लचप्लेटा,
मधे माझी कॉफी.

चढावर, चौथ्या गिअरला, आरपीएमचा काटा पळतो
आणि गाडी मागेच राहते.
साडेचारशे घोडे,
जुनी प्लेट कुणालाच धरून ठेवत नाही.
जळका वास तीन दिवस मफलरला.

"ही तांब्याची, सहा पाकळ्यांची.
धरलं की धरलं. मधलं काही नाही.
सिग्नलला उसळेल. आणि बर्फावर तर..."
ती हात पुसते. वाक्य तसंच राहतं.

दुसरी करडी, साधी,
जरा घसरू देऊन मग पकडणारी.
"हिच्यावर कव्हर कडक घालू. पेडल जड जाईल.
रोज कुठं जातोस?"

शाळेत. आइनोला सोडायला.
मग लाकडाच्या वखारीत.
आणि महिन्यातून एकदा रात्री
रिकाम्या हमरस्त्यावर, अकरा मिनिटं.
हे शेवटचं मी सांगत नाही.

टेबलाखाली डावा गुडघा आपसूक वर येतो,
जिथं पकड सुरू होते
तिथं थांबतो, थरथरत.

धरसोडीचा माणूस, वडील म्हणायचे,
जेवताना, मीठ मागावं तसं.

"करडी," मी म्हणतो.
"नक्की?"

तूलिक्की पाना शोधते आहे.
कॉफीवर साय धरलीय.