औषध

ऑक्टोबरची छाटणी झाली की आमच्या दिंडोरीकडे
सकाळी चहाच्या आधी फवाऱ्याचा वास येतो.
डावणीचं औषध. भुरीचं औषध.
औषधच म्हणतो आम्ही त्याला.
खोकल्याचं औषध, डोळ्यांत घालायचं औषध, द्राक्षांचं औषध,
एका शब्दाच्या फडताळात सगळ्या बाटल्या
दाटीवाटीनं उभ्या.

आता साडेचार वर्षांच्या पोराला सांगायचं कसं,
की यातलं एक, आईनं चमच्यात दिलं तर तोंड वाकडं करून प्यायचं,
आणि दुसऱ्याच्या झाकणालाही बोट लावायचं नाही?

मी अंगणवाडीच्या पत्र्याच्या पेटीवर रंगीत खडूनं
चार तिकोन काढले.
लाल, पिवळा, निळा, हिरवा.
(लाल तिकोन पाहून मदतनीस इंदुबाई पदराआड हसली.
आमच्या वयाच्या बायांना त्यानं
सरकारी दवाखान्याची भिंत आठवते.)
पोरांना म्हटलं, हा तिकोन ज्याच्या पोटावर
त्याच्याशी कट्टी.
सव्वीस करंगळ्या वर झाल्या.
रजिस्टरात लिहिलं: विषय झाला.

दर्शना भोये त्या सव्वीसांत होती का,
मला आठवत नाही.
सुरगाण्याहून आलेली, आईबाप डिपिंगच्या टोळीत.
दोन महिन्यांत माझ्याशी एक शब्द नाही,
भिंतीला टेकून आपलं फ्रॉकचं टोक चघळायची.
मी धरून चाललेले, हिला काही कळत नाही.

मग एका मंगळवारी टाकीला पाणी नव्हतं.
मी घरून आणलं, गाडीवर, वीस लिटरच्या कॅनमधून.
आमच्या घरी असे कॅन पुष्कळ.
एकात हरभरा, एकात सरकी,
एक उपडा घालून सासरे त्यावर बसतात.
हा मी राखेनं तीनदा घासलेला,
आठ दिवस उन्हात ठेवलेला.

खिचडी उतरली. हात धुवायची रांग लागली.
दर्शनाचा नंबर आला आणि तिनं
दोन्ही हात पाठीमागे नेले.
कॅनकडे बघत राहिली.
लेबल खरवडून काढलं होतं मी, पण एक कोपरा उरलेला,
नखाएवढा. लाल.

तिनं करंगळी वर केली.
कॅनला नाही. मला.

म्हटलं, अगं, धुतलाय. राखेनं. तीनदा.
करंगळी तशीच.
तिच्या मागच्यानं वर केली, त्याच्या मागचीनं,
आणि बघता बघता रांगच्या रांग माझ्याशी कट्टी.
इंदुबाई हसायला लागली,
मग हसायची थांबली.

पाणी ओतायला गेले तर कुठं ओतावं कळेना.
निंबाच्या मुळाशी नको, कोंबड्यांच्या वाटेत नको.
शेवटी तसंच गाडीला बांधून ठेवलं
आणि सगळे हापशावर गेलो,
दहाच्या पुढे येत नाही म्हणून
पुन्हा पुन्हा दहा पावलं मोजत.
खिचडी गार झाली. कुणी कुरकुर केली नाही.
मी केली, थोडी, मनात.

रात्री खिळा तापवून अकरा कॅनना भोकं पाडली.
हे म्हणाले, चांगले होते गं.
होते.
सासऱ्यांना बसायला पाट दिला,
त्यांनी तो दोन दिवस वापरला नाही.

होळीच्या आधी टोळी परत निघाली.
पिकअपमध्ये भांडी, गोधड्या, माणसं.
आईनं दर्शनाच्या हाती पाण्याची बाटली दिली.
तिनं ती आधी गोल फिरवली,
पोट पाहिलं, बूड पाहिलं,
धाकट्या भावाला पाजली, मग स्वतः प्याली.

गाडी हलली तेव्हा तिनं हात वर केला.
बट्टीची दोन बोटं होती
की डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून आडवा धरला,
धुळीत मला
नीट दिसलं नाही.