दुसरा आकडा

हिंगण्यातल्या आमच्या सोसायटीत
यंदा शिक्क्याऐवजी आकडे:
आवडता एक, मग दोन, मग तीन.
क्लबहाउसात मी चिठ्ठ्या लावत बसलो,
रबरबँडची तीन पुडकी.
शितोळे सत्तावीस. गोगटे पंचवीस.
खुटवडबाई नऊ.

एकसष्टात एकतीस लागतात,
कुणाकडेच नाहीत.
म्हणून तळाचा बाद, आणि त्याच्या चिठ्ठ्या
पुढच्या आकड्याच्या घरी नांदायला.
बाईंचं पुडकं सोडलं:
पाच गोगट्यांकडे, चार शितोळ्यांकडे.
एकतीस-तीस.
पेढे आले, चितळ्यांचे नव्हते.

उरलेल्या बावन्नांवर
बाईंपुढे दोन, दोन, दोन.
गावाला जाताना किल्ली यांच्याकडे,
टँकर रात्री बाराला आला
तर व्हॉल्व्ह फिरवायला ह्याच.
पण ज्याचा एक अजून शर्यतीत आहे
त्याचा दोन वाचायचा नसतो.
नियम मीच वाचून दाखवला होता,
माईकवर, दोनदा.

खोक्यात भरताना एक चिठ्ठी हातात राहिली.
शेपूट वर वळलेला दोन,
पाण्याच्या मीटरच्या वहीत रोज दिसतो तसा.

बाईंनी स्वतःपुढेही
तोच घातला होता.