थ्री-फेज

या आठवड्यात थ्री-फेज रात्री बाराला.
म्हणजे राक्षस साडेअकराच्या आत मेला पाहिजे
आणि होमदेवला ओलिताला जायला वेळ उरला पाहिजे.

संत्र्याच्या शेडमध्ये चार क्रेट उलटे,
वर जुना फ्लेक्स, पाठीची पांढरी बाजू वर करून.
तिच्यावर मी मार्करनं किल्ला काढलाय.
खालून कुणा भाऊंच्या वाढदिवसाचे जोडलेले हात
दिसत राहतात तळघराच्या भिंतीतून.

वहीत सगळं मांडलंय, मिनिटांसकट.
नदी, दहा. दोन पहारेकरी, वीस.
सापळा, जिना, मग तो.
आणि सव्वानऊ झाले तरी कवडू
नावाड्याशी बोलतोय.

नावाडी मी उभ्या उभ्या बनवलेला,
त्यानं नुसतं पलीकडे न्यायचं होतं.
"नाव काय गा तुह्यं?" कवडू विचारतो.
मी पत्र्याकडे बघते. झिंगर, म्हणते.
"लेकरं किती?"
दोन. एक बुडालं.

हे कुठून आलं, मला ठाऊक नाही.
दिवसभर खांबावर चढून
गावाच्या शिव्या खाणारा कवडू गप्प झाला.
ज्योत्स्नाचा हात थर्मासच्या झाकणावर तसाच.
वहीतला राक्षस आत चुळबुळला.
मी त्याला म्हटलं, थांब.

मागच्या महिन्यात थांबले नव्हते.
तीन लढाया एका दमात,
फासा, जखम, फासा, पुढचा, चल, फासा,
मोहसीन फासा मुठीत धरूनच पेंगला.
"तू त अशी खेळवून राह्यली," ज्योत्स्ना म्हणाली,
"जसा ठेक्याचा संत्रा तोडाचा हाये."
त्याच्या आधी, दिवाळीच्या सुमाराला, नेमकं उलटं.
दीड तास बाजारात दोरीचा भाव.
मी हसत बसले, बसू दिलं.
ती दोरी अजून कुणी सोडवलेली नाही.

होमदेव कमी बोलतो.
त्या रात्री गाडीला किक मारता मारता म्हणाला,
"झाडाले ताण देतो ना आपण, तसंच हाये हे.
पान गुंडायलं पाह्यजे,
गयालं नाही पाह्यजे.
रोज जाऊन पाहा लागते. कॅलेंडरात नाही दिसत."

तेव्हापासून मी वही कमी बघते.
मोहसीनचा डावा पाय हलू लागला
की कुठलं तरी दार मोडते.
ज्योत्स्ना दोनदा काहीच विचारत नाही,
तेव्हा मी पण काही सांगत नाही.

आज पहारेकरी झोपवून टाकले.
सापळा गंजलेला निघाला. जिना एका वाक्यात.
वाचलेली सगळी मिनिटं
शेवटच्या दारापाशी आणून ठेवली.

दार उघडं नाही. वीतभर.
आतून ओल्या राखेचा वास.
साखळी ओढली जातेय, सावकाश,
जणू ओढणाऱ्याला माहीत आहे, तुम्ही आलात.
मग मी बोलणं बंद केलं.
शेडबाहेर जानेवारीची थंडी, एक टिटवी, बस.
चौघांचे चेहरे गुंडाळत आलेले.

आणि बाराला वीस कमी असताना
बल्ब बसला, उठला,
पलीकडच्या बागेत एक मोटर घुरघुरली,
मग दुसरी, मग नाल्यापल्याडची.
"आली!" होमदेव उभाच राहिला.
आज त्याच्या झाडांचा ताण तुटायचा,
पहिलं पाणी, कोण थांबणार?
सगळेच निघाले, टॉर्च, फावडं, मफलर.
कवडूनं जाता जाता फासा फेकला
आणि कुणी बघायच्या आत
त्याच्यावर स्टीलचा गिलास उपडा घातला.
"गुरुवारी पाहू," म्हणाला.

मी वही मिटली. राक्षस जिवंत.
दूर सरीतून पाणी चालल्याचा आवाज
येत होता, की मला तसं वाटलं.

शेडमध्ये उंदीर फार.
बाहेरून एक वीट आणली,
गिलासावर ठेवली,
आणि कुलूप लावायच्या आधी
दोनदा परत जाऊन
तिला हात लावला नाही.