पाचव्या दिवसाचं पाणी

विडी घरकुलात तेव्हा पाणी पाचव्या दिवशी यायचं,
तेही रात्री अडीचला.
आधी पाइपातून नुसती हवा,
म्हाताऱ्यासारखी खाकरत,
आणि सगळी गल्ली घागरी घेऊन उठायची.

तिथं भेटला अयास.
टॉवेलच्या कारखान्यामागं, पत्र्याच्या शेडमध्ये राहणारा.
हातात तेलाचा निळा कॅन, उंचीला त्याच्या कमरेएवढा.
मी म्हणाले, का बे, नवीन का?
तो म्हणाला, फानी.
मी म्हणाले, नीळ्ळू.
मागून कुणीतरी ओरडलं, पाणी आलं की, सरका पुढं!
धार करंगळीएवढी.

दिवसा तो आईच्या सुपाशी बसायचा.
आठ दिवसांत विडीला दोरा गुंडाळायला शिकला,
माझ्यापेक्षा त्याची छाट कमी निघायची.
आई त्याला कडक भाकरी नि शेंगाचटणी द्यायची.
तो चटणीच आधी संपवायचा,
नाकाडोळ्यांतून पाणी,
वर म्हणायचा, अजून.

गाव कुठलं विचारलं की नदी सांगायचा.
होडीत बसले किती, बोटांवर मोजायचा.
उतरले किती, हे मोजताना
दोन बोटं मिटून घ्यायचा.

शर्टाच्या आत, प्लॅस्टिकमध्ये, एक कार्ड.
ते दिल्लीहून नवं करून आणावं लागतं म्हणे,
नाहीतर माणूस शिळा होतो.

शाळेत मठपती सर जन्मगावाच्या रकान्याशी थांबले.
अयास गप्प.
मी म्हणाले, सिरसिल्ला लिहा सर, आमच्या नात्यातला आहे.
सरांनी चष्म्यावरून मला पाहिलं, मग त्याला.
लिहिलं.
माझ्या पणजोबांनी माग विकून सोडलेलं गाव,
आमच्यातलं कुणी परत गेलंच नव्हतं.
पडूनच होतं. दिलं.

मार्चात दोन माणसं मोटारसायकलवरून आली.
सर रजिस्टरवर बोट ठेवून सिरसिल्ला म्हणाले,
दोनदा म्हणाले.
त्या रात्री शेडमध्ये दिवा लागला नाही.

पाणी आलं तेव्हा रांगेत त्याचा कॅन होता,
संध्याकाळीच लावून ठेवलेला.
सरका पुढं, सरका पुढं.
मी आमच्या घागरीआधी तो भरला,
ओढत ओढत नेला
आणि कुलपाखाली ठेवून आले.

पाच दिवसांनी शिळं ओतलं, ताजं भरलं.
परत पाच दिवसांनी.
आई म्हणाली, पाणी काय उतू चाललंय का गं?
पण कॅन तिनंही हलवला नाही.

आता आमच्या नळाला मीटर आहे.
पाइप खाकरला की झोपेतच
माझे ओठ आधी
फ साठी उघडतात.