सुपातला

दोन मुलगे गेल्यावर हा झाला,
आत्याने सुपात घालून उंबऱ्यावरून ओढला,
म्हणून सुपडू.

पारोळ्यात आमची पिठाची गिरणी.
जात्यातले रडतात, सुपातले हसतात,
अण्णा म्हणायचे, आणि हा खरंच हसायचा,
भुवया पिठाने पांढऱ्या.
चिमूट बोटांत फिरवून सांगायचा:
दादर. बाजरी. कळणा.

अण्णा वारले.
याला सांगितलं, सुरतेला गेलेत.
आठ महिने स्टँडवर जाऊन बसायचा,
मग अंथरुणातून उठेना.
वय झालं त्याचं, काका म्हणाले.
वय एकतीस.
ही मुलं अशीच असतात, गावातला डॉक्टर म्हणाला,
लिहिता लिहिता.

धुळ्याच्या बाई आधी त्याच्याशी बोलल्या,
मग माझ्याशी.
डाऊन असलं तरी नैराश्य हे नैराश्यच, म्हणाल्या.
गोळ्यांनी तो नुसता पेंगत राहिला,
तेव्हा त्यांनी चुंबकाच्या यंत्राचं काढलं.
अशा माणसांवर फार वापरलेलं नाही,
खात्री देत नाही.

सही माझी लागणार होती.
पेन हातात घेऊन मी त्याला विचारलं,
डोक्यावर टकटक होईल, चालेल?
तो भिंतीकडे बघत राहिला.
मग म्हणाला, अन्ना कोठे शे?

दवाखान्याच्या बाकावर सांगितलं मी,
दीड वर्ष उशिरा.
माले म्हाईत व्हतं, म्हणाला,
आणि माझ्या सहीशेजारी
स्वतःहून अंगठा ठेवला.

पहिल्या दिवशी बाई त्याच्या डोक्यावर
ते जड कडं सरकवत जागा शोधत होत्या.
एका ठोक्याला तोच अंगठा उडाला.
त्याने वाकून पाहिलं त्याच्याकडे,
पाहुणा आल्यासारखं.
कोन हालावस?

मग रोज सकाळची यष्टी.
कानांत बोळे, टोपीवर पेनाची खूण,
आणि टक टक टक टक,
पट्ट्याचा सांधा चाकावरून जाताना
आमच्या गिरणीत व्हायचं तसं.
हे मला वाटायचं. त्याला काय वाटायचं
ते त्याने सांगितलं नाही.

सोळाव्या दिवशी, परत येताना,
शेजारच्या बाईच्या पिशवीत त्याने हात घातला.
मी ओशाळले. ती काही बोलली नाही.
चिमूट बराच वेळ फिरली बोटांत.
दादर, म्हणाला.

नही रे भाऊ, गहू शे.

पूर्वी कधी चुकला नव्हता.
हसला नाही, रडलाही नाही,
पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी रुंद केलं.
आखो दखू दे.