मुंद

नवी पेठेतनं सुटायची ती सव्वाबाराला, म्हणजे तसं म्हणायचं,
सुटायची बशीरभाई नालबंदांचा चहा संपला की.
काचेवर पाटी : विडी घरकुल.
त्यातला घ उन्हानं खाल्लेला,
त्यामुळं चार वर्षं मी रकुल नावाच्या गावी
दुपारच्या शाळेला गेलो.

दारात इरेशम म्याकल, कंडक्टर.
खाकीच्या खांद्यावर सुताची भुरी,
कारण घरी दोन माग, आणि रात्री ते त्याचेच.
पंच कटकटवत ओरडायचा : मुंद, मुंद!
तेलुगूत मुंद म्हणजे पुढं.
कानडीतही मुंद म्हणजे पुढंच.
एका शब्दात अर्धी बस सरकलेली असायची.
उरलेल्यांना, आगे सरको मामू,
आणि आम्हाला,
फुडं व्हय बे दप्तर, हितं काय लगीन लागलंय?

कन्ना चौकात विड्या देऊन आलेल्या बाया चढायच्या,
ओल्या पानांचे गठ्ठे मांडीवर,
तंबाखूच्या वासानं आख्खी बस एकदा शिंकायची.
पोशव्वा वंगारी रोज तेच सांगायची
रोज नव्या रागानं,
आज लई छाट काढली गं मुकादमानं,
माझ्या विडीला काय कमरेत बाक हाय का?
साठ पैशाच्या तिकिटाला ती पन्नासच द्यायची.
इरेशम दहा पैसे स्वतःच्या खिशातनं घालायचा
आणि वर तिलाच शिव्या द्यायचा, तेलुगूत,
म्हणजे घरच्यासारख्या.

अशोक चौक गेला की खिडकीतनं माग आत यायचे,
खटक खटक, खटक खटक,
एकही दिसायचा नाही.
त्या आवाजावर आवाज चढवत वाढलेलं गाव हे.
पाहुण्यांना वाटतं भांडणं लागली.
भांडत नाय ओ, बोलूलालोय.

स्टॉपांची नावं त्यानं कधीच बदलली नाहीत.
पुतळे आले, कमानी आल्या, नगरसेवकांची नावं आली.
तो म्हणायचा : भोंगा.
भोंगा वाजायचा थांबून किती वर्षं झालेली,
तरी तिथं माणसं उतरायची,
त्या नावानं हाक मारल्यावर.

पुण्यात पहिल्याच आठवड्यात मी हपिसात म्हणालो,
चला, मी निघूलालो.
सगळे हसले. वाईट नाही, आपले हसले.
दुसऱ्या दिवसापासून मी निघतोय.
वीस वर्षं झाली, निघतोयच.
फोनवर आई विचारते, काय करलालास रे?
मी म्हणतो, काही नाही, जेवतोय.
थोडा वेळ ती गप्प राहते.
मग पाण्याचं सांगते, चार दिवसाआड येतं म्हणून.

परवा गेलो होतो. डेपोच्या भिंतीवरनं डोकावलो.
ओळीनं उभ्या होत्या, टायर नसलेल्या, विटांवर.
एकीच्या ड्रायव्हरसीटमधून बाभूळ वर आली होती,
शेंगा धरलेली.
पाटी वाचायला गेलो तर काचच नव्हती.

इरेशम भेटला सिव्हिलला, औषधाच्या खिडकीपुढं.
सून धरून उभी. त्यानं मला तीनदा नाव विचारलं,
तीनदा म्हणाला, असं का, बरं बरं.
साठ पैसे, विडी घरकुल, पोशव्वा, मी सगळं काढून बघितलं.
त्याच्या डोळ्यांत एकही स्टॉप आला नाही.

पुढं कुणीतरी फोनवर बोलत थांबलेला.
रांगेत दोन माणसांची जागा मोकळी पडलेली.
म्हाताऱ्याचा उजवा अंगठा आपोआप हलला,
कट, कट, हातात काहीच नसताना.
मुंद! मुंद!

आणि रांग सरकली.
फोनवाला सरकला, बुरख्यातली बाई सरकली,
कानात बोंडं घातलेलं एक परगावचं पोरगं
ज्याला तो शब्द कुठल्या भाषेतला हेही ठाऊक नसेल,
तेही सरकलं.
माझं औषध तर कधीच घेऊन झालं होतं.
मीही सरकलो.