नेस्टाला विचारणे

किल्ल्या हातात देताना टुडुर प्राइसने
कॅराव्हॅनच्या दारावर थोपटलं,
विकलेल्या गाईला थोपटावं तसं.
म्हणाला, "पाऊस आला की डाव्या खिडकीखाली टॉवेल ठेवत जा."
एवढंच. पैसे मोजलेसुद्धा नाहीत.

कपाटाच्या दाराला आतून एक यादी होती,
शाई विटलेली, टाचण्या गंजलेल्या:
गॅस बंद.
छताची खिडकी बंद.
पायरी आत.
चारही पाय वर, पुढचं चाक वर, आवळून.
ब्रेकची तार अडकवली का?
दिवे, डावा, उजवा, थांबायचा.
आणि तळाशी, दुसऱ्याच पेनने:
मागे घेताना नेस्टाला विचारणे.

सदतीस वर्षं मी रेक्समच्या पोस्टात पत्रं लावली.
कुठलं पाकीट कुठल्या खणात
हे डोळ्यांआधी हाताला कळायचं.
यादी आहे म्हटल्यावर मला भीती कसली?
बहीण म्हणाली, "एकटी? या वयात? जाणार तरी कुठे?"
मी म्हटलं, बालाला, तळ्याकाठी.
"एलुनेड, बालाला बस जाते."

पहिले दहा मैल मी पुढे पाहिलंच नाही.
आरशात एक पांढरी भिंत माझा पाठलाग करत होती
आणि भिंतीमागे गाड्यांची वरात,
त्यात एक ट्रॅक्टर. ट्रॅक्टरसुद्धा!
कोर्वेनच्या अलीकडे उतारावर ती शेपूट हलवायला लागली.
वेग सोडला, श्वास धरला,
कडेला जाऊन थांबले तेव्हा गुडघे माझे नव्हते.
घेवड्याचे डबे, बटाटे, इस्त्री
(इस्त्री कशाला घेतली होती देव जाणे)
सगळं मागच्या बाकाखाली कोंबलं होतं मी.
जड ते चाकांवर, हलकं ते वर:
पुस्तकात होतं, यादीत नव्हतं.
भुरभुर पावसात एकेक डबा मधे आणला
आणि सवयीने
लेबलं एका दिशेला केली.

जागा क्रमांक चौदा. दोन झाडं, मधे गवत.
चाक डावीकडे फिरवलं की ती उजवीकडे जाते,
हे मला पाठ होतं.
चमचा आणि काड्यापेटी घेऊन
आठवडाभर स्वयंपाकघरात टेबलावर सराव केला होता.
पण टेबलावर झाड नसतं,
खुर्च्या मांडून चहा पिणारी चार कुटुंबंही नसतात.
एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ती अशी काटकोनात दुमडली
की शेजारच्या माणसाने चहाचा कप खाली ठेवला.
सगळ्यांना सल्ला होता.
एक म्हणाला डावीकडे, दुसरा म्हणाला, तिची डावी की तुमची?

मग पिवळ्या बुटांची एक मुलगी उठली,
नऊ-दहा वर्षांची,
आणि न विचारता मागे जाऊन उभी राहिली,
बरोबर तिथे, जिथे ती मला आरशात दिसेल.
बोलली नाही. फक्त हात.
ये. ये. थोडं. थांब.
मी झाड विसरले, लोक विसरले,
एका लहानशा पंजाकडे बघत
आख्खं बिऱ्हाड मागे सरकवलं.

तिला नाव विचारलं.
माबली म्हणाली. मला उगाचच बरं वाटलं.

चारही पाय खाली केले.
टेबलावर अंडं ठेवलं, ते दाराकडे घरंगळलं,
एका चाकाखाली फळी सरकवली,
पुन्हा ठेवलं, पुन्हा घरंगळलं, पण सावकाश.
तेवढं चालेल.

रात्री पाऊस लागला. डावी खिडकी ठिबकली.
टॉवेल घरी दोरीवर; म्हणून स्वेटर लावला.
किटली चुलीवर ठेवली आणि समोर बसून राहिले,
वीस मिनिटं, पंचवीस,
पाणी निवांत, गार.
मग उठून यादी पुन्हा वाचली.
गॅस बंद, लिहिलं होतं.
चालू असं कुठेच नव्हतं.
ती यादी निघायची होती, पोचायची नव्हती.
पोचल्यावर चालू कोण करायचं
तेही लिहिलेलं नव्हतं.